यीस्ट-जनुकशास्त्राच्या परिषदेत पोस्टर मांडताना या चुका टाळा

यीस्टच्या परिषदांमधील पोस्टरांवर कोणते जनुक काढून टाकले हे ठळक अक्षरांत असते, पण ते कोणत्या स्ट्रेनमधून, म्हणजे त्या जातीच्या कोणत्या वाणातून, काढले याचा अनेकदा पत्ताच नसतो. ‘सॅकरोमायसीस सेरेव्हिसी’ एवढे जातीचे नाव लिहिले की भागते, हा गैरसमज आहे. ज्याच्या जीनोमचा संपूर्ण अनुक्रम १९९६ साली जाहीर झाला त्या एस२८८सी स्ट्रेनमध्ये एफएलओ८ हे जनुक निकामी असल्यामुळे तंतुमय वाढ, म्हणजे लांबट पेशींच्या साखळ्या बनणे, होत नाही. ती अभ्यासायची असेल, तर जाणकार सिग्मा१२७८बी घेतात.

एका परिषदेत एका विद्यार्थ्याने असे मांडले होते की, त्याचे जनुक काढल्यावर पेशी एमएमएस या डीएनएला इजा करणाऱ्या रसायनापुढे तग धरत नाहीत. पोस्टर देखणे होते. एका ज्येष्ठ संशोधकांनी स्ट्रेन विचारला, उत्तर आले ‘डब्ल्यू३०३’, आणि लगेच दुसरा प्रश्न आला, “यातला रॅड५ दुरुस्त केलेला आहे ना?” मूळ डब्ल्यू३०३ मध्ये रॅड५ या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकाचे सदोष रूप असते आणि त्यामुळे डीएनए-दुरुस्ती आधीच लंगडी असते, हे त्या मुलाच्या कानावरही आलेले नव्हते. सत्र संपेपर्यंत येणारा जाणारा हेच विचारत राहिला. पुढे त्याने रॅड५ शाबूत असलेल्या स्ट्रेनशी संकर केला, तेव्हा शाबूत रॅड५ मिळालेल्या बीजाणूंत त्याच्या जनुकाचा परिणाम जेमतेम उरला.

म्हणूनच टेट्रॅडमधील, म्हणजे संकरित पेशीच्या अर्धसूत्री विभाजनातून बनलेल्या चौकडीतील, चारही बीजाणू वेगळे करून, दोष काढलेल्या जनुकाच्या जागी बसवलेल्या खुणेसोबतच दोनास दोन वाटला जातो हे पाहिल्याशिवाय, मी कोणालाही सारांश पाठवू देत नाही. प्लाझ्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या लहान वर्तुळावरून, मूळ जनुक परत दिल्यावर दोष भरून निघतो का, हेही पाहायला लावतो. एका ट्रान्सफॉर्मंटच्या (बाहेरून डीएनए घातलेल्या पेशीच्या) एका वसाहतीवर निष्कर्ष उभारणाऱ्या उतावळ्यांना हे वेळकाढूपणाचे वाटते. परंतु जनुक काढलेल्या पेशी वाढता वाढता दुसरीकडे उत्परिवर्तन घडवून दोष झाकतात, किंवा एखादे गुणसूत्र जास्तीचे बाळगतात, याची त्यांना कल्पना नसते.

स्पॉट-चाचणीच्या, म्हणजे पेशी टप्प्याटप्प्याने पातळ करून प्लेटवर थेंब ठेवण्याच्या चाचणीच्या, छायाचित्राखाली विरलनाचे प्रमाण, तापमान आणि किती दिवसांनी छायाचित्र घेतले हे लिहावे. वेगवेगळ्या प्लेटांच्या पट्ट्या एकसंध भासतील अशा चिकटवू नयेत. वाढ मंद दिसली, तर ग्लिसरॉलवर वाढवून पेशी ‘पेटीट’, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील श्वसन बिघडल्यामुळे ग्लिसरॉलवर न वाढणाऱ्या, झालेल्या नाहीत ना, हे आधी तपासावे.

जनुकांची नावे लिहिण्याची पद्धत पाळा. सेरेव्हिसीमध्ये मूळ जनुक मोठ्या रोमन लिपीत आणि अप्रभावी उत्परिवर्तित रूप लहान लिपीत लिहितात, तर पॉम्बेमध्ये (शायझोसॅकरोमायसीस पॉम्बे या दुसऱ्या यीस्टमध्ये) मूळ जनुकही लहान लिपीतच असते. सेरेव्हिसीत ज्याला सीडीसी२८ म्हणतात, त्याच जनुकाला पॉम्बेत सीडीसी२ म्हणतात, पण पॉम्बेचा क्रमांक सेरेव्हिसीच्या पोस्टरवर चिकटवणारे दरवेळी भेटतात.

दुसऱ्याच्या अप्रकाशित पोस्टरचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नका. स्ट्रेन हवा असेल, तर प्लेट सामानात टाकून नेण्याऐवजी लेखी मागणी करा, आणि जनुकबदल केलेला यीस्ट आपल्या देशात आणण्यासाठी लागणारी परवानगी संस्थेकडून आधीच घ्या.