गाडीला मशीननं पेस्ट वॅक्स लावायचंय? आधी मास्किंग टेप आणा

मशीन, वॅक्स, पॅड, फडकी हे सगळं नंतर. आधी मास्किंग टेप. गेल्या खेपेला माझ्याकडे बाकी सगळं होतं आणि टेप नव्हती. वायपरखालची काळी जाळी, चाकांवरच्या काळ्या कमानी, दारांच्या रबरी पट्ट्या, सगळीकडे पांढरे फराटे उमटले. या प्लास्टिकचा पृष्ठभाग बारीक दाणेदार असतो. वॅक्स त्या दाण्यांमधल्या खाचांत शिरतं आणि तिथंच वाळतं. फडक्यानं वरचं निघतं, खाचेतलं निघत नाही. मग मऊ टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन एकेक इंच घासावं लागतं, आणि तरी उन्हात तिरकं पाहिलं की कुठेतरी राखाडी रेघ दिसतेच. हातानं वॅक्स लावताना बोट कडेपाशी थांबतं. सहा इंची फिरता पॅड थांबत नाही. त्यामुळे ‘आजवर टेपशिवायच लावत आलो’ हे मशीनच्या बाबतीत कामाचं नाही.

पुण्यात टेप बोहरी आळीत मिळते. अर्धा इंची आणि एक इंची, दोन्ही घ्या. अगदी स्वस्त पिवळसर टेप उन्हात राहिली तर डिंक मागे सोडते, म्हणून गाड्यांच्या रंगकामाची टेप मागा. पॅड, क्ले (रंगावर चिकटलेले कण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा), मायक्रोफायबरची फडकी वगैरे नाना पेठेत पाहा.

दिवस ठरवताना गुरुवार नको. महापालिकेचं पाणी आणि महावितरणची वीज, दोन्हींची दुरुस्तीची कामं बहुतेक गुरुवारीच निघतात. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या आधीचा एखादा रविवार उत्तम. खंडेनवमीला गाडीला हार घालायचाच असतो. पण ऑक्टोबरचं ऊन लक्षात ठेवा. बोनेटला तळहात लावून पाहा. गरम लागलं तर थांबा, मग सावली असो वा नसो. पेस्ट वॅक्समध्ये मेणासोबत ते पातळ ठेवणारे द्रावक असतात. तापलेल्या पत्र्यावर ते भराभर उडतात आणि मागे चिकट पट्टे राहतात. सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग म्हणूनच चांगलं, फक्त उजेडाची सोय हवी. प्लगसाठी सेक्रेटरींना आदल्या दिवशी विचारून ठेवा. एक्स्टेन्शनची वायर खांद्यावरून घ्या, नाहीतर ती ओल्या वॅक्सवरून फरफटत जाते.

गाडी धुवा, हे सांगायला नको. पण टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर एकेक भाग धुऊन लगेच कोरडा करा. त्या जड पाण्याचे डाग वाळले तर वॅक्सखाली तसेच राहतील. आरशांच्या मागे आणि रबरी पट्ट्यांच्या फटीत साठलेलं पाणी हवा मारून काढा. तिथून एक थेंब ओघळला तरी टेप सुटते. आणि प्लास्टिक काळंभोर दिसावं म्हणून लावतात ते चकाकीचं पाणी आज आधी लावू नका, त्यावर टेप धरतच नाही.

हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोनेटवरून फिरवा. खरखर लागली तर क्ले बार फिरवावाच लागेल, भरपूर ओलाव्यावर आणि अजिबात दाब न देता. बांधकामाच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाडीला ही खरखर हमखास असते. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या, धुऊन वापरू नका. ओरखडे घालवायचे असतील तर त्याला आधी पॉलिश लागतं. वॅक्स ओरखडे काढत नाही. नुकता रंग दिलेल्या भागावर कधी वॅक्स चालेल ते रंग देणाऱ्याला विचारा. मॅट रंगावर लावूच नका.

मशीन ड्युअल अ‍ॅक्शन हवं, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता डोलतोही असं. घरातल्या अँगल ग्राइंडरला पॅड बसवायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्या मारतो, कडेचा रंग क्षणात जाळतो. पॅड सगळ्यात मऊ, फिनिशिंगचा फोम. पॉलिशला वापरलेला पॅड धुतलेला असला तरी वॅक्सला नको, त्यातले कण राहतात. डबा पॅडपेक्षा रुंद असेल तर पॅड डब्यात टेकवून हातानं फिरवा, मशीन बंद ठेवूनच. डबा लहान असेल तर प्लास्टिकच्या पट्टीनं पॅडवर पातळ थर फासा. पेस्ट वॅक्समधलं कार्नोबा म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे त्याचं प्रमाण जास्त असलेलं वॅक्स डब्यात कडक असतं. घाई करून मोठा गोळा उचलू नका.

आता टेप. जाळीच्या कडेनं, चाकांच्या कमानींना, दारांच्या खालच्या काळ्या पट्टीला, रूफ रेलच्या बुडाशी, नंबरप्लेटभोवती, दिव्यांच्या कडांना, काचेच्या रबराला. कमानीसारख्या वळणावर अर्धा इंची टेप छोट्या तुकड्यांत लावा, एका लांब पट्टीत ती वळत नाही. कडा नखानं दाबत जा. मग गाडीभोवती एक फेरी मारा आणि उघडं काळं प्लास्टिक शोधा. सापडेल. मागच्या बंपरची खालची बाजू बहुतेकांकडून राहते. तिथंही लावा.

मशीन पॅड पत्र्यावर टेकवूनच सुरू करा आणि बंद झाल्यावरच उचला. हवेत सुरू केलंत तर वॅक्सचे ठिपके टेपच्या पलीकडे उडतील. वेग एक किंवा दोनवर, दाब मशीनच्या वजनाचाच. एका वेळी अर्धं बोनेट. थर इतका पातळ की लावलाय की नाही असं वाटावं. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हात मोडतो. हँडलच्या खाचा आणि आरसे हातानं. पुढच्या काचेवर नको, वायपर थरथरतो.

किती वेळ वाळू द्यायचं ते डब्यावर असतं, वाचा. बोट ओढून पाहा, रेघ स्वच्छ उमटली की पुसा. फडकं उलटत राहा. पुसून झालं की टेप लगेच काढा, हळू आणि तिरकी ओढून.

पॅड भांड्यांच्या साबणानं धुऊन सावलीत वाळवा. डब्याचं झाकण घट्ट लावा, आणि एप्रिलमध्ये तो डिकीत ठेवू नका.