कँटरबरी ते रोम पायी: आखणी खिंडीपासून करावी

इंग्लंडमधील कँटरबरीहून फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली ओलांडून रोमला पोहोचणारी 'विया फ्रांचिजेना' ही वाट सुमारे २००० किलोमीटरची आहे. इ.स. ९९० च्या सुमारास रोमहून परतताना कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक याने आपल्या मुक्कामांची नोंद करून ठेवली आणि आजची वाट बरीचशी त्या नोंदीवरच बेतलेली आहे. ती पुरी चालून आल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की आखणी कँटरबरीपासून न करता वाटेच्या साधारण मध्यावरील, स्वित्झर्लंड-इटली सीमेवरच्या २४६९ मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीपासून करावी.

ही खिंड वर्षातील बरेच महिने बर्फाखाली असते. सामान्य पदयात्रीसाठी जुलै ते सप्टेंबर हाच भरवशाचा काळ. त्यातच शेंगेन व्हिसावर (फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटलीसह युरोपातील बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, म्हणजे आठवड्यातून एक दिवस विश्रांती धरल्यास रोज सरासरी २६ किलोमीटर चालणे आले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात निघून सप्टेंबरच्या आरंभी खिंड गाठली, तर खिंडीपलीकडच्या, उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यातला ऐन उन्हाळाही टळतो. तिथल्या भातखाचरांतले डास मात्र सर्वस्वी टळत नाहीत.

ओझ्याच्या बाबतीत मी स्वतः चुकलो. ११ किलोंची सॅक घेऊन निघालो आणि फ्रान्समधल्या रीम्सला पोहोचेपर्यंत दोन्ही टाचा फोडांनी सोलवटल्या. तिथल्या टपाल कचेरीतून ४ किलो सामान परत पाठवले, तेव्हा कुठे पुढचा, शाम्पेनमधील पांढुरक्या मातीचा, सावली नसलेला सरळ रस्ता निभावला. पायाला कुठे चुरचुरू लागले, की पुढच्या गावाची वाट न पाहता तिथेच बसून मोजे बदलावेत. या पट्ट्यात कित्येक गावांत दुकान नसते, म्हणून पाणी आणि पाव आदल्या मुक्कामीच घ्यावा.

पिआचेन्झाच्या अलीकडे पो नदी होडीने ओलांडता येते. नावाड्याला आधी कळवावे लागते. यात्रापुस्तिकेवर प्रत्येक मुक्कामाचा शिक्का घ्यावा, कारण रोममध्ये प्रमाणपत्र मिळण्यासाठी किमान शेवटचे १०० किलोमीटर पायी चालल्याचा पुरावा तोच असतो. परतीचे तिकीट काढताना दोन दिवस हाताशी ठेवावेत; ९० दिवसांत प्रवेशाचा आणि निघण्याचा, असे दोन्ही दिवस मोजले जातात.