पी५३ चा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

राधानगरीकडचा एक मुलगा परवा राजारामपुरीत आमच्या लॅबवर आला. आईच्या बीजकोशातल्या गाठीचा रिपोर्ट पुढे केला आणि म्हणाला, "डॉक्टर, पी५३ निगेटिव्ह आलंय. म्हणजे बरंच आहे की!" या टेस्टमध्ये पेशीत जिथं पी५३ असतं तिथं रंग चढतो. कागदावर होतं: गाठीच्या एकाही पेशीला रंग नाही, नल पॅटर्न, म्हणजे सगळं कोरं. त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला. उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं.

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. निगेटिव्ह म्हणजे सुटलो, हे कोविडनं डोक्यात बसवलंय. पी५३ हे प्रथिन म्हणजे पेशीतला वस्ताद. डीएनए बिघडला की पेशीला थांबवतो, दुरुस्तीला लावतो, नाहीच जमलं तर तिला मरायला लावतो. निरोगी पेशीत तो थोडीच मिनिटं टिकतो, मग एमडीएम२ नावाचं प्रथिन त्याला मोडीत काढायला धाडतं. म्हणून जनुक शाबूत असलं की स्लाइडवर कुठं फिकट, कुठं गडद, मध्येच काही नाही, असं दिसतं. जनुक बिघडलं की एकतर निकामी वस्ताद आत साचतो आणि बहुतेक सगळी केंद्रकं गडद तपकिरी होतात, नाहीतर वस्ताद तयारच होत नाही आणि सगळं कोरं. दोन्ही बिघाडच. बीजकोशाच्या हाय-ग्रेड सीरस या आक्रमक कॅन्सरमध्ये यातलं एक जवळपास नेहमी सापडतं; निदान पक्कं करायला आम्हाला त्याचा उपयोग होतो.

याच साठलेल्या प्रथिनामुळे शास्त्रज्ञही फसले होते. १९७९ मध्ये पी५३ सापडलं आणि पुढची दहा वर्षं ते कॅन्सर करणारंच मानलं गेलं.

उलटी चूकही होते. थोडा रंग दिसला की "पी५३ पॉझिटिव्ह, कॅन्सर" म्हणून घरात रडारड. सुजलेल्या, चिघळलेल्या जागी चांगल्या पेशींतही पी५३ वाढतं.

आता आमच्या बाजूची चूक. स्लाइड कोरी दिसली की आधी गाठ नाही, शेजारच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी बघायच्या. त्यांना फिकट रंग असेल तर गाठीचा कोरेपणा खरा. त्याही कोऱ्या असतील तर रंग चढलाच नाही, टेस्ट पुन्हा लावायची. रंग न चढण्याचं मूळ बहुतेकदा गाठ ज्या बाटलीत आली तिच्यात असतं. एकदा खोकल्याच्या औषधाच्या अरुंद बाटलीत गाठ आली, फॉर्मालिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रव, जेमतेम बुडेल एवढंच. बाटली फोडून काढली, कापली, तर मधला भाग लालसर आणि कच्चा. रुंद तोंडाची बरणी, दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, तुकड्याच्या दहापट, आणि तेही लगेच. सलाइन नको.

पी१६ हे दुसरं प्रथिन. पी५३सारखंच तेही ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारं, पण घशाच्या कॅन्सरमध्ये ते वाढलेलं दिसतं. एचपीव्ही विषाणू पेशींची वाढ आवरणारं आरबी प्रथिन निकामी करतो, म्हणून पी१६ उसळतं. टॉन्सिल, जिभेचं मूळ इथं याचा अर्थ लागतो. तंबाखूवाल्याच्या गालातल्या कॅन्सरला तोच नियम लावू नका.

गाठीत पी५३ बिघडलं म्हणजे ते घराण्यातूनच आलं असंही नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी जनुकीय तपासणी लागते. आणि सीए-१२५ ही रक्ताची टेस्ट म्हणजे पी५३ नव्हे.

त्या मुलाला आईला घेऊन मुंबईला जायचं होतं. म्हटलं, नुसता कागद नेऊ नकोस, स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, दोन्ही माग. आणि ब्लॉक गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नकोस, मेण आहे ते.