केर्न्सला जाताय? आधी रीफचा दिवस पक्का करा, हॉटेल नंतर

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सचं (तिकडचे लोक र गिळून कॅन्झ म्हणतात) ठरलं की सगळे आधी हॉटेलं बघत बसतात, पण खरं काम आहे दिवसांचा क्रम लावायचं. एका बाजूला ग्रेट बॅरियर रीफ (समुद्रातली प्रवाळाची रांग), दुसऱ्या बाजूला रेनफॉरेस्ट, दोन्ही वर्ल्ड हेरिटेज, पण पावसात जंगल उलट जास्तच भारी दिसतं आणि वारा सुटला की समुद्राची पार वाट लागते. म्हणून रीफ पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवा, बोट कॅन्सल झाली तर पुढे ढकलता येते. आम्ही शहाणपणा करून शेवटच्या दिवशी ठेवला होता, नेमका वारा आला, पैसे परत मिळाले पण रीफ राहिला तो राहिलाच.

लवकर ठेवायचं अजून एक कारण म्हणजे स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल पाण्यात डाइव्ह करणं. डाइव्ह केल्यावर 18 ते 24 तास तरी विमानात बसायचं नसतं, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही की जवळचं डोंगरातलं कुरंडा गाव पण तीनशे मीटरच्या वरच आहे, त्यामुळे सकाळी डाइव्ह आणि दुपारी डोंगर असलं काही करू नका, किती थांबायचं ते डाइव्हवाल्यांनाच विचारा. नुसतं स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत बघणं) असेल तर हा प्रश्नच नाही.

बोट कुठली घ्यायची? लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा बोट लागणारं कोणी असेल तर ग्रीन आयलंड हे जवळचं बेट, 27 किलोमीटर, पाऊण तासात पोचता. पण खरे रंग बघायचे तर आउटर रीफ, म्हणजे रीफचा लांबचा भाग, तिथे पोचायलाच दीड-दोन तास जातात आणि मधे बोट चांगलीच हलते, तर उलटीची गोळी निघायच्या आधी घ्या, पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही. पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, मोठ्या बोटी समुद्रात पाँटूनला (तरंगत्या प्लॅटफॉर्मला) लागतात, तिथे लाइफ जॅकेट असतं, काचेच्या तळाची बोट असते. चष्मेवाल्यांनो, बऱ्याच बोटींवर नंबरचे मास्क मिळतात, बुकिंग करतानाच विचारून ठेवा, नाहीतर सगळे मासे धुरकट! आणि तिकिटाशिवाय माणशी रीफचा सरकारी चार्ज असतो, तो किमतीत धरलाय का ते बघून घ्या.

कधी जायचं तर जून ते ऑक्टोबर, हवा कोरडी, उकाडा कमी. साधारण नोव्हेंबर ते मे स्टिंगर सीझन, म्हणजे बॉक्स जेलीफिश आणि नखाएवढी इरुकांजी जेलीफिश, दोन्ही जिवावर बेतू शकतात. त्या दिवसांत बोटीवर अंगभर लायक्रा सूट देतात, तो कितीही विनोदी दिसला तरी घाला. बीचवर जाळीच्या आतच पोहा. डंख झालाच तर व्हिनेगर ओतायचं आणि 000 या इमर्जन्सी नंबरला फोन.

आता बीचबद्दल, इथे बरेच जण फसतात. शहरातच राहून बीचवर जाऊ म्हणाल तर समोर चिखल आणि मगरींच्या पाट्या! पोहायचं तर एस्प्लनेडवरच्या (समुद्राकाठच्या रस्त्यावरच्या) लगूनमध्ये, खाऱ्या पाण्याचा मोठा पूल आहे, फुकट. खरे बीच उत्तरेला, ट्रिनिटी बीच, पाम कोव्ह वगैरे. खाडीच्या आणि नदीच्या कडेपासून निदान पाच मीटर लांब राहा, फोटोसाठी पण नाही.

जंगलासाठी दोन दिवस. एक कुरंडाचा, जाताना 1891 ची जुनी रेल्वे, 15 बोगदे आणि बॅरन फॉल्स, येताना साडेसात किलोमीटरची स्कायरेल केबल कार, झाडांच्या डोक्यावरून. दोन्हीकडे रेल्वेच घेतली तर अर्धी मजा गेली.

दुसरा उत्तरेच्या डेनट्री रेनफॉरेस्टचा, आणि तो गाडी घेऊनच करा, ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून आहे. वाटेत मॉसमन गॉर्ज, मग डेनट्री नदीवर केबलने ओढली जाणारी फेरीबोट, पलीकडे केप ट्रिब्युलेशन. फेरीनंतर मोबाइलला रेंज जवळपास नाहीच, मॅप आधी डाउनलोड करा, पेट्रोल नदीच्या अलीकडच्या बाजूलाच भरा. पावसाळ्यात रस्ता चालू आहे का ते निघायच्या आधी बघा, डिसेंबर 2023 च्या जॅस्पर वादळात तो वाहून गेला होता. कॅसोवरी दिसली तर गाडीतूनच बघा, माणसाएवढा पक्षी आहे आणि लाथ मारतो, खायला तर अजिबात टाकू नका. अंधार पडायच्या आत परत फिरा.

शेवटचा दिवस मोकळा ठेवा. सकाळी ओहोटीला एस्प्लनेडवर चक्कर मारा, त्याच चिखलात पेलिकन आणि कायकाय पक्षी चरत असतात, मग पोरांना लगूनमध्ये सोडा, एअरपोर्ट गाडीने दहा-पंधरा मिनिटांवरच आहे.