कॉमन मॉर्मनची मादी कशी ओळखावी

कॉमन मॉर्मन (पॅपिलिओ पॉलिटीस) हे फुलपाखरू भारत आणि श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंत आढळते, आणि परसात लिंबू किंवा कढीपत्ता असेल तर तेथे अंडी घालायला येते. काळ्या पंखांचा नर मागच्या पंखांवरील पांढऱ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळीवरून लगेच ओळखू येतो. मादीची मात्र तीन रूपे असतात. सायरस हे रूप नरासारखे दिसते, स्टिकियस हे कॉमन रोझसारखे, तर रोम्युलस हे क्रिमझन रोझसारखे. ही दोन्ही रोझ फुलपाखरे सुरवंट असताना ईश्वरीच्या वेलीची पाने खाऊन विषारी होतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या निरुपद्रवी मॉर्मन माद्याही बचावतात.

म्हणून पंखांवरील नक्षीवर विसंबू नये. प्रथम शरीर पाहावे. रोझ फुलपाखरांचे डोके, छातीच्या बाजू आणि पोटाचा शेवट ठळक लाल असतो, तर मॉर्मनचे शरीर काळेच असते. फुलपाखरू फुलावर बसले असता बाजूने पाहिल्यास हा फरक स्पष्ट दिसतो, आणि माझ्या मते ओळखीची याहून भरवशाची खूण नाही. शंका उरलीच तर मादी अंडी कुठे घालते ते पाहावे, कारण ईश्वरीवर अंडी घालणारी मादी मॉर्मन असू शकत नाही.

वर्गीकरणही हेच सांगते. तिन्ही जाती पॅपिलिओनिडी कुळातील असल्या तरी मॉर्मन पॅपिलिओनिनी या गटात आणि दोन्ही रोझ (पॅक्लिओप्टा प्रजाती) ट्रॉयडिनी या गटात मोडतात. म्हणजे दिसण्यातील साम्य हे जवळच्या नात्याचे लक्षण नव्हे. लिनियसने १७५८ मध्ये पॉलिटीसचे नामकरण केले, पण वेगवेगळी दिसणारी ही फुलपाखरे एकाच जातीच्या माद्या आहेत हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ मध्ये मलाय प्रदेशातील फुलपाखरांच्या अभ्यासातून मांडले. मादी कोणत्या रूपाची होणार हे डबलसेक्स नावाचे एकच जनुक ठरवते, असे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले.

नोंद करताना जातीच्या नावापुढे मादीचे रूप अवश्य लिहावे, आणि पंखांच्या छायाचित्राबरोबर शरीराचे बाजूने घेतलेले एक छायाचित्रही जोडावे.