पोलिसांविरुद्धची तक्रार टिकावी म्हणून: महाराष्ट्रात काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने करावे

पोलिसांविरुद्ध दिलेला अर्ज अनेकदा एकाच शेऱ्याने बंद होतो: ‘तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.’ घटना खरी असली तरी असे होते, कारण चौकशी सुरू होईपर्यंत वळ गेलेले असतात, सीसीटीव्हीचे चित्रण पुसलेले असते आणि अर्जात नुसते ‘एका पोलिसाने’ एवढेच लिहिलेले असते. कुठे तक्रार करायची याचा विचार दोन दिवस थांबू शकतो. पुरावा थांबत नाही, म्हणून सुरुवात तिथून.

पहिले ४८ तास

घटनेच्या दिवशीच एका कागदावर क्रमाने लिहून काढा: किती वाजता ठाण्यात गेलात किंवा नेले गेले, गाडीचा क्रमांक, कोणत्या खोलीत बसवले, समोर कोण होते, कोण काय म्हणाले, किती वाजता सोडले. गणवेशावरच्या पट्टीवरचे नाव आणि अंमलदाराचा बक्कल क्रमांक मिळाला तर उत्तम. नाव माहीत नसेल तर हुद्दा, अंदाजे वय, खांद्यावरच्या फिती किंवा तारे, आणि त्या वेळी ठाणे अंमलदार कोण होता हे लिहा. कोणत्या वेळी कोण कर्तव्यावर होते याची नोंद ठाण्यात असते, त्यामुळे अचूक वेळ दिली की माणूस शोधता येतो.

मारहाण झाली असेल तर सरकारी रुग्णालयात जा आणि ‘पोलिसांनी मारले’ हे शब्द डॉक्टरांना सांगून एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसी प्रकरणाशी संबंधित दुखापतीची वैद्यकीय नोंद) करून घ्या. ‘पडलो’ असे एकदा नोंदले गेले की पुढे ते खोडणे फार कठीण जाते. प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी आणि रंग लिहिला गेला आहे ना, ते पाहा. रंगावरून जखम किती जुनी याचा अंदाज बांधतात. तळपायावर मारल्यास वरून फारसे काही दिसत नाही, म्हणून चालताना होणारा त्रास आणि सूज आवर्जून नोंदवायला सांगा.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. एक चेहऱ्यासह, एक जखमेजवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा, कारण वळ बऱ्याचदा उशिरा गडद होतात. मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसते आणि तिच्यातील तारीख-वेळेची माहिती निघून जाते. पुढे न्यायालयात हे द्यायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, आणि ते देताना मूळ उपकरण हाताशी असलेले बरे.

तिसरे काम सीसीटीव्हीचे. २ डिसेंबर २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितले आहेत. प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, अधिकाऱ्यांच्या खोल्या, कुठलाही भाग सुटता कामा नये. साठवण १८ महिन्यांची, आणि ते तंत्र उपलब्ध नसेल तरी किमान एक वर्षाची. प्रत्यक्षात चित्रण याआधीच गेल्याचे सांगितले जाते, म्हणून ठाणे प्रभारी आणि पोलीस अधीक्षक या दोघांना त्याच दिवशी लेखी पत्र द्या: ‘अमुक तारखेचे, अमुक ते अमुक वेळेतील सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण जतन करावे.’ शहरात अधीक्षकांच्या जागी आयुक्त किंवा परिमंडळाचे उपायुक्त. वेळेची मर्यादा नेमकी द्या. ‘कॅमेरा बंद होता’ असे उत्तर आले तर कधीपासून बंद होता आणि बिघाड कोणाला कळवला, हे लेखी विचारा. कॅमेरे चालू ठेवण्याची आणि बिघाड जिल्हास्तरीय समितीला लगेच कळवण्याची जबाबदारी त्याच आदेशाने ठाणे प्रभारीवर टाकली आहे. ते कळवले नसेल तर तो तक्रारीतला वेगळा मुद्दा झाला.

गुन्हा नोंदवायला नकार

सर्वांत जास्त लोक इथे अडकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते की दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती, हद्द कोणतीही असो, नोंदवली पाहिजे. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. प्रतही मोफत मिळाली पाहिजे. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे बंधन स्पष्ट केले आहे. तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात मात्र उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तेव्हा ‘अर्ज चौकशीवर ठेवलाय’ असे सांगितले तर परवानगी कोणी आणि कोणत्या तारखेला दिली, ते विचारा.

नेहमीची पळवाट म्हणजे दखलपात्र प्रकार एनसीमध्ये, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीत, बसवणे. एनसीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही, त्यामुळे सही करण्याआधी मजकूर वाचा. हत्यार, जखमेचे स्वरूप, चोरलेली वस्तू, धमकीचे शब्द यातले काही गाळले असेल तर सही थांबवा आणि आधी लिहून घ्यायला सांगा.

नकार मिळाल्यावर पुढचा क्रम असा:

१. तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील तर वाद न घालता बाहेर या आणि तोच मजकूर ठाण्याला स्पीड पोस्टाने पाठवा.

२. कलम १७३(४) चा उल्लेख करून पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना टपालाने तक्रारीचा गोषवारा पाठवा. पावती आणि पोहोचल्याचा छापील तपशील जपून ठेवा.

३. वाजवी काळ वाट पाहा. साधारण दोन आठवडे पुरेसे मानावेत, तातडीच्या प्रकरणात त्याहून कमी. मग कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

तिसऱ्या पायरीवरचे अर्ज मुख्यतः दोन कारणांनी फेटाळले जातात: सोबत शपथपत्र नसते, किंवा आधीच्या दोन पायऱ्या पार पाडल्याचा कागद नसतो. थेट उच्च न्यायालयात गेल्यास तिथेही बहुधा आधी याच वाटेने जायला सांगतात.

लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी अशा ठरावीक गुन्ह्यांची माहिती नोंदवून न घेणे हा त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली त्याला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आणि दंड आहे. हे कलम अर्जात लिहा.

ताब्यात घेणे आणि मारहाण

‘फक्त चौकशीला चला’ म्हणत सकाळी नेलेल्या माणसाची अटक दुसऱ्या दिवशी रात्री कागदावर येते. २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याची मुदत मग त्या कागदापासून मोजली जाते. घरच्यांनी म्हणूनच नेल्याक्षणी वेळेचा पुरावा तयार करावा: ११२ वर फोन, अधीक्षक कार्यालयाला ईमेल, वकिलाला संदेश. वेळ आपोआप नोंदली जाते आणि नंतर कोणाला बदलता येत नाही.

अटकेच्या वेळी तपासायच्या गोष्टी डी. के. बसू प्रकरणातील १९९६ च्या निकालातून आल्या आणि आता कायद्यातच आहेत. अधिकाऱ्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेच्या ज्ञापनावर (अरेस्ट मेमो) कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी, अटक झालेल्याचीही हवी. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत आणि नातेवाइकाला कळवले पाहिजे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते आणि तिची प्रत अटक झालेल्याला मिळते, ती मागा. अपवादात्मक परिस्थिती वगळता महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. निव्वळ साक्षीदार म्हणून हवी असलेली कोणतीही महिला, १५ वर्षांखालील मुलगा किंवा ६० वर्षांवरील पुरुष यांना ठाण्यात बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

पहिल्यांदा न्यायालयात हजर केल्यावर न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ आमच्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. घाबरून ‘नाही’ म्हटले की ते कागदावर येते आणि पुढच्या प्रत्येक चौकशीत पुढे केले जाते. मारले असेल तर तिथेच सांगा, जखम दाखवा, पुन्हा वैद्यकीय तपासणी मागा. वकील नेमलेला नसेल तर कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

कबुलीसाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत असल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. कृत्य कर्तव्य बजावताना झाले असे धरले गेले तर न्यायदंडाधिकाऱ्यांना आधी वरिष्ठाचा अहवाल मागवावा लागतो. म्हणून बेकायदा डांबणे आणि मारणे हा कर्तव्याचा भाग कसा नव्हता, ते अर्जात एका वेगळ्या परिच्छेदात मांडा.

आणखी एक. ठाण्यात आवाज चढवू नका, कोणाच्या अंगाला हात लावू नका, वाटेत आडवे उभे राहू नका. सरकारी कर्मचाऱ्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी त्याच्यावर हल्ला किंवा बळाचा वापर करण्याचे, लोक ज्याला अजून ‘३५३ लावला’ म्हणतात ते कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र. प्रतिगुन्हा दाखल झाला की मूळ तक्रार बाजूला पडते आणि सगळी शक्ती जामिनात जाते. शांतपणे मोबाइलवर चित्रण करणे वेगळे. शासकीय गुपिते अधिनियमाखाली पोलीस ठाणे हे ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले आहे. तरीही फोन हिसकावला जाण्याची शक्यता धरून चित्रण लगेच दुसऱ्या ठिकाणी जमा होईल अशी सोय ठेवा.

पैसे मागितले तर

लाच देऊन नंतर तक्रार करण्यापेक्षा आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा. तिथे प्रथम पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, मग सापळा. ‘किती’ आणि ‘कशासाठी’ हे शब्द समोरच्याच्या तोंडून आले पाहिजेत. मागणी सिद्ध झाली नाही तर नुसत्या हातात सापडलेल्या नोटांवर शिक्षा टिकत नाही. दबावाखाली पैसे दिलेच असतील तर सात दिवसांत कळवा. तेवढ्या मुदतीत कळवणाऱ्याला कायदा लाच देणारा म्हणून धरत नाही.

अर्जाचा मजकूर

दोन पाने पुरेत. ‘अरेरावी केली, अपमान केला, न्याय मिळावा’ यावर चौकशी करणाऱ्याला काहीच तपासता येत नाही. हे पाहा: ‘दि. … रोजी सायं. ७.१० वाजता … पोलीस ठाण्याच्या गुन्हे शोध कक्षात पोलीस उपनिरीक्षक … यांनी मला पट्ट्याने डाव्या मांडीवर तीन वेळा मारले. त्या वेळी अंमलदार ब. क्र. … हजर होते. मला रात्री ११.४० ला सोडले. ताब्यात घेतल्याची कोणतीही नोटीस दिली नाही.’ यातले प्रत्येक वाक्य स्टेशन डायरी, कॅमेरा किंवा वैद्यकीय नोंदीशी ताडून पाहता येते. शेवटी मागणी क्रमांकाने लिहा: चित्रण जप्त करणे, त्या वेळच्या डायरीची प्रत घेणे, साक्षीदारांचे जबाब, आणि चौकशी दुसऱ्या उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे देणे. ऐकीव गोष्टी आणि जुनी भांडणे गाळा. एक फुगवलेले वाक्य खोटे निघाले की उरलेल्या नऊ खऱ्या वाक्यांवरचा विश्वास जातो.

प्राधिकरण की आयोग

पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणले. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, पद्धत न पाळता अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर हे त्याचे विषय. अर्जासोबत शपथपत्र जोडा. राज्य मानवी हक्क आयोगाकडे फी नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते, आणि तोच विषय दुसऱ्या आयोगापुढे असेल तर तो हाताळत नाही. दोन्ही संस्था शिफारस करतात, थेट शिक्षा देत नाहीत. अधिकाऱ्यावर कारवाई हवी असेल तर प्राधिकरण, नुकसानभरपाई हवी असेल तर आयोग, असे आम्ही सुचवू. एकाच वेळी दहा कार्यालयांना प्रती पाठवल्या की त्यातल्या बहुतेक फिरून त्याच अधीक्षक कार्यालयात येतात.

चौकशीला बोलावल्यावर

अर्ज मरतो तो इथेच. ‘गैरसमजातून अर्ज दिला, माझी आता काही तक्रार नाही’ अशा तयार जबाबावर सही मागितली जाते, कधी गोड बोलून, कधी मध्यस्थामार्फत. जबाब पूर्ण वाचा, कोऱ्या जागेवर रेघ मारायला सांगा, प्रत मागा. नाकारली तर त्याच दिवशी काय सांगितले ते ईमेलने त्या अधिकाऱ्याला आणि अधीक्षकांना कळवा.

महिनाभर काही हालचाल नसेल तर माहिती अधिकारात विचारा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘माझ्या आवक क्र. … च्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची तारीखनिहाय माहिती आणि चौकशी अहवालाची प्रत’ एवढे पुरे. ‘कारवाई का केली नाही’ असा प्रश्न विचारू नका. कारणे मागणे ही माहिती नव्हे, असे म्हणून तो अर्ज फेटाळतात. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील करा.

वकिलाला पहिल्याच भेटीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ बद्दल विचारा. अधिकाराच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर दावा किंवा खटला भरायला त्यात आखूड मुदत आहे, दाव्याला सहा महिन्यांची. विभागीय चौकशीच्या निकालाची वाट पाहत बसलेल्यांची ही मुदत हातातून जाते.