जुना लिव्हिंग क्वार्टर हॉर्स ट्रेलर घेताय? या चुका टाळा

टेक्सास किंवा कोलोरॅडोत मुलीला घोडेस्वारीची गोडी लागते, शनिवार-रविवारचे शो सुरू होतात आणि मोटेलची बिलं बघून मराठी घरांतही एक चर्चा रंगते: पुढे आपल्याला राहायला खोली आणि मागे घोड्यांची जागा असलेला ट्रेलर घ्यायचा का? नव्याची किंमत सहज ५०,००० डॉलरच्या पुढे जाते, त्यामुळे शोध जुन्याचाच सुरू होतो. आणि बघायला गेल्यावर जवळजवळ प्रत्येकजण पुढचं दार उघडून आत शिरतो. ओटा, सोफा, शॉवर बघून जीव जडतो, मग मागे फक्त एक नजर टाकली जाते.

माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी मागचं दार उघडा. ओटा नंतर कधीही बदलता येतो. घोड्याच्या पायाखालचा फ्लोअर हायवेवर खचला तर काहीच हातात राहत नाही. पैसे कमी असतील तेव्हा तर ते फ्लोअर, ब्रेक, अॅक्सल आणि टायरवरच जायला हवेत.

ट्रकचा हिशेब शेवटी करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'माझा ट्रक १२,००० पाउंड ओढतो' एवढ्यावर लोक सौदा करून मोकळे होतात. पण लिव्हिंग क्वार्टरचे बहुतेक ट्रेलर गूजनेक असतात, म्हणजे त्यांचं नाक ट्रकच्या बेडमधल्या बॉलवर टेकतं आणि एकूण वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भार ट्रकच्या पाठीवर येतो.

तीन घोड्यांचा एक ट्रेलर धरू. रिकामा ९,५०० पाउंड. ११०० पाउंडांचे तीन घोडे, म्हणजे ३,३००. पाण्याची टाकी ३० गॅलनची असेल तर तेच २५० पाउंड. खोगिरं, चारा, सामान मिळून ५०० तरी धरा. झाले साडेतेरा हजार. यातले २,७०० ते ३,४०० पाउंड ट्रकवर. आता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचा, प्रवासी आणि सामान मिळून किती भार चालतो ते तिथे छापलेलं असतं. हाफ-टन ट्रकवर (सर्वसाधारण घरगुती पिकअप) तो आकडा बऱ्याचदा १,५०० च्या आसपास असतो. म्हणजे १२,००० पाउंडांच्या ट्रकला हा ट्रेलर ओढायलाही जड, आणि पाठीवर पेलायला तर त्याहून. मग ट्रेलर स्वस्त पडला म्हणेपर्यंत ट्रक बदलायची वेळ येते.

विक्रेत्याने सांगितलेल्या रिकाम्या वजनावर विसंबू नका. राहायची खोली मागाहून दुसऱ्याच दुकानात बसवलेली असेल तर कागदावरचं वजन आणि खरं वजन यांत बरीच तफावत असू शकते. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर, थोड्या डॉलरांत वजन होतं, तेवढं करूनच घ्या. परवान्याचंही आधीच बघा: कॅलिफोर्नियासारख्या राज्यात जड ट्रेलरला साधं लायसन्स पुरत नाही.

रबर मॅट न उचलणं

मॅट जड असतात, विक्रेता म्हणतो 'खाली सगळं छान आहे', आणि आपणही भिडेपोटी सोडून देतो. भीड सोडा. घोड्याच्या मूत्रातला अमोनिया अॅल्युमिनिअम खातो. मॅटखाली पांढरी भुकटी, खड्डे, कडेला बारीक भोकं दिसली तर समजून जा. लाकडी फ्लोअर असेल तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. तो आत रुतला तर फळी कुजली आहे. मग ट्रेलरखाली झोपून आडवे बीम टॉर्चने तपासा. फळ्या बदलणं परवडतं. बीमच गंजले असतील तर तो ट्रेलर सोडून द्या, कितीही स्वस्त असो.

घोड्याचं माप न घेणं

१६ हँडचा घोडा (एक हँड म्हणजे चार इंच) म्हणजे खांद्यापाशी ६४ इंच, आणि मान उचलली की त्याहून बराच उंच. त्याला आतून निदान ७ फूट उंची हवी, वॉर्मब्लड जातीच्या मोठ्या घोड्याला साडेसात. स्लँट लोडमध्ये, म्हणजे घोडे तिरके उभे राहतात अशा ट्रेलरमध्ये, आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: पहिल्या कप्प्यातल्या घोड्याला काही झालं तर मागचे सगळे उतरवल्याशिवाय तो बाहेर येत नाही. जमलं तर आपला घोडा घेऊनच बघायला जा.

टायरची नक्षी बघून समाधान मानणं

हे ट्रेलर वर्षातून मोजक्याच वेळा धावतात, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या कडेवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचे टायर असतील तर नव्या संचाची किंमत सौद्यातून वजा करा. स्टेपनीही तपासा.

आतल्या गळतीकडे काणाडोळा

गूजनेकवरच्या बिछान्याची गादी उचला, कोपऱ्यांत हात फिरवा, एसी आणि व्हेंटभोवतीचं छत दाबून बघा. मऊ लागलं तर पाणी आत मुरलंय. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर का दिला ते विचाराच. फ्रिज गॅसवर थंड व्हायला काही तास लागतात, म्हणून विक्रेत्याला आदल्या रात्रीच तो लावून ठेवायला सांगा. एसी बॅटरीवर चालेल असं धरून चालू नका. जनरेटर नसेल तर त्याचा खर्च वेगळा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर मात्र जुने असतील तर बिनबोभाट नवे बसवा.

घेतल्यावर त्रास दिला तर

पहिली फेरी घोड्यांशिवाय मारा. वीसेक मैलांवर थांबून प्रत्येक चाकाच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हात न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा तापला असेल तर बेअरिंग तरी गेलंय किंवा ब्रेक तरी घासतोय. बेअरिंगला वर्षातून एकदा नवं ग्रीस हवंच. नाक वर आणि शेपूट खाली दिसत असेल तर मागच्या अॅक्सलवर जादा भार पडतोय, कपलरची (ट्रकच्या बॉलवर बसणाऱ्या जोडाची) उंची कमी करून ट्रेलर सपाट करा. दिवे मधेच जात असतील तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंगची तार घासून साफ करा, बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. छत गळत असेल तर त्यावर सिलिकॉन थापू नका; त्यावर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही. छतासाठीचंच सीलंट वापरा.

ट्रेलर ट्रकपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची पिन ओढून बघायला विसरू नका. ओढल्यावर ट्रेलरची चाकं जाम व्हायला हवीत. झाली नाहीत, तर त्याची छोटी बॅटरी बदलून पुन्हा तपासा, आणि तोवर घोडा चढवू नका.